रिमोटचा सेल फोडला, आता काय करू? वाचकांचे प्रश्न, प्राण्यांच्या डॉक्टरांची उत्तरं

या महिन्यात पत्रं आणि मेल मिळून जे काही आलं त्यात बहुतेक सगळे एकच विचारतायत, कुत्र्याने घरातलं भलतंच काहीतरी चावलं, आम्ही घाबरून हे पाजलं ते पाजलं, बरोबर केलं का? म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला देतेय. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीयेत.

प्रश्न: डॉक्टर मॅडम, नमस्कार. आमचा शेरू लॅब्रडॉर आहे, सात महिन्यांचा, वजन साधारण २२ किलो. परवा रात्री साडेनऊला आम्ही जेवत होतो आणि तो सोफ्यामागे एकदम गप्प बसला होता, जाऊन बघते तर टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण तुटलेलं, एक पेन्सिल सेल बाजूला पडलेला आणि दुसरा त्याने दातांनी फोडलेला, तोंडाला काळं लागलेलं आणि लाळ गळत होती. शेजारच्या काकांनी सांगितलं मिठाचं पाणी पाजा उलटी होईल, ते पाजलं, उलटी झाली नाही. मग सासूबाईंनी चमचाभर तूप दिलं. रात्रभर झोपलो नाही. सकाळी उरलेला सेल आणि तुकडे पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेलं, एक्सरे काढला, पोटात काही नव्हतं पण जिभेखाली आणि हिरडीला पांढरे चट्टे आले होते. आता बरा आहे, मऊ भात खातोय. पण त्या रात्री नक्की काय करायला हवं होतं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, शेरू खातोय हे वाचून हायसं वाटलं. आणि सेल आणि तुकडे पिशवीत घालून नेलेत हे फार चांगलं केलंत, त्यामुळेच डॉक्टरांना किती भाग पोटात गेला असेल याचा अंदाज आला. बहुतेक लोक आधी केर काढतात आणि मग धावत येतात.

आता सेलचं सांगते. ती काळी पूड मॅंगनीज डायऑक्साइडची असते, ती बघून आपण घाबरतो पण खरं भाजतं ते तिच्यासोबतच्या ओल्या भागाने. सेलवर अल्कलाइन लिहिलेलं असेल तर आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे आपण तुंबलेल्या मोरीत कॉस्टिक सोडा टाकतो ना त्याचाच सख्खा भाऊ, आणि अल्कलीचं वाईट हे की ती वरवर भाजून थांबत नाही, मांस मऊ करत आत आत जाते. स्वस्तातले झिंक कार्बनचे सेल असतात त्यातला ओलावा आम्लाकडे झुकणारा, तो थोडा कमी भाजतो, पण रात्री घाईत हे बघत बसू नका, दोन्ही सारखेच धोक्याचे धरा.

म्हणून उलटी करवायची नाही. जे आत जाताना घसा आणि अन्ननलिका भाजत गेलं ते बाहेर येताना परत तिथूनच येणार, दुसऱ्यांदा भाजणार. काकांनी चांगल्या मनानेच सांगितलं असणार, पण मीठपाणी तर कुठल्याच कुत्र्याला कशासाठीच पाजू नका, हे मी दरवेळी लिहिते आणि परत लिहिणार. मीठ स्वतःच विष होतं. कुत्र्याच्या प्रत्येक किलो वजनाला २ ते ३ ग्रॅम मीठ पोटात गेलं की त्रास सुरू होतो, म्हणजे पाच किलोच्या पॉमेरेनियनला दोन-तीन छोटे चमचे, आणि उलटी होत नाही म्हणून लोक आणखी एक ग्लास पाजतात, रक्तातलं सोडियम वाढतं, मेंदूवर परिणाम होतो, झटके येतात. शेरू २२ किलोचा आहे आणि तुम्ही थोडंच पाजलंत म्हणून निभावलं. तुपाने या केसमध्ये काही बिघडलं नाही पण उपयोगही झाला नाही.

करायचं काय, तर पाणी. तोंड धुवायचं, आणि एकदा चूळ भरल्यासारखं नाही तर चांगली १५-२० मिनिटं. कुत्र्याचं डोकं खाली झुकवून धरा, एकाने मान धरायची, दुसऱ्याने गालाच्या कडेतून कोमट पाणी सोडायचं, बिनसुईची मोठी सिरिंज असेल तर उत्तम नाहीतर छोट्या तांब्याने, आणि पाणी पुढून तोंडाबाहेर पडलं पाहिजे, घशाकडे जाता कामा नये नाहीतर ठसका लागून फुप्फुसात जाईल. जिभेखाली आणि गाल-हिरडीच्या खाचेत पूड अडकते तिथे ओलं फडकं फिरवा. स्वतःच्या हाताला ग्लोव्ह्ज नाहीतर प्लास्टिकची पिशवी बांधा. तो पाणी प्यायला मागत असेल तर थोडं थोडं पिऊ दे. आणि हे चालू असतानाच दुसऱ्या कोणीतरी डॉक्टरांना फोन लावायचा, धुणं संपल्यावर नाही.

तोंडात लगेच काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. भाजल्याच्या खुणा वर यायला १२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, शेरूचे पांढरे चट्टे सकाळी दिसले ते त्यामुळेच. पुढचे काही दिवस तो घास घेताना मान ताणत असेल, गिळताना कण्हत असेल किंवा खाल्लेलं तसंच परत बाहेर टाकत असेल तर अन्ननलिकेत जखम आहे असं समजून परत दाखवा. तोवर खाणं मऊ आणि गार, बिनमिठाचा दहीभात चालेल, कडक बिस्किटं आणि हाडं बंद.

अख्खा पेन्सिल सेल गिळला असेल तर एक्सरे लागतोच, कधी तो एक-दोन दिवसांत शीतून निघून जातो, नाही हलला तर काढावा लागतो, ते डॉक्टर ठरवतील. पण सेल गोल चपटा असेल, बटन सेल, तर मग सगळं गणितच बदलतं. याच्यात फुटायची गरज नसते. तो अन्ननलिकेत अडकला की ओल्या मांसातून करंट वाहायला लागतो आणि तिथल्या तिथे अल्कली तयार होते, १५ ते ३० मिनिटांत भाजणं सुरू होतं आणि काही तासांत भोक पडू शकतं. सीआर २०३२ म्हणून जो सेल मिळतो त्यातले २० म्हणजे २० मिलिमीटर रुंदी आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, गाडीच्या रिमोट चावीत असतो, वजनकाट्यात असतो, दिवाळीच्या छोट्या लाइटच्या माळांमध्येही असतो.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक छोटी कुत्री आली होती, घरच्यांना वाटलं नाणं गिळलंय आणि नाणं काय निघून जाईल, म्हणून दुपारचं थेट संध्याकाळी आणलं. एक्सरेत नाणं असतं तर एकसंध पांढरा गोल दिसला असता, इथे गोलाच्या आत अजून एक बारीक गोल होता, दुहेरी कड. ती कड बघितली आणि माझे हात गार पडले. आम्ही सेल काढला, पण जखम फार खोल गेली होती, ती कुत्री तिसऱ्या दिवशी दगावली. तेव्हापासून मी सांगते, बटन सेल म्हटलं की ताट बाजूला सारून उठायचं, रात्रीचे दोन असले तरी.

प्रश्न: आमचं गाव कराडजवळ. धान्याच्या खोलीत उंदरासाठी निळसर हिरवी वडी ठेवली होती, आमच्या राजाने अर्धी खाल्ली. त्याला आज तीन दिवस झाले, कुत्रा अगदी ठणठणीत आहे, पळतोय, भाकरी खातोय. वडील म्हणतात काही होत नाही, उगाच खर्च. न्यावं का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: दादा, तुमचा मेल मिळाला त्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता, इथे परत लिहितेय ते बाकीच्यांसाठी, कारण 'ठणठणीत आहे' या शब्दानेच घात होतो.

या वड्यांमध्ये बहुतेक वेळा ब्रोमाडायोलोन असतं. ते पोटात गेल्यावर काहीच दुखत नाही. ते शरीराला व्हिटॅमिन के परत परत वापरू देत नाही आणि त्या के शिवाय यकृताला रक्त गोठवणारे घटक बनवता येत नाहीत. आधीचा साठा असतो तोवर कुत्रा मजेत, साठा संपला की तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास आतल्या आत रक्त वाहायला लागतं. मग तो सुस्त होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, खोकतो, धाप लागते, शी काळी होते, किंवा काही न लागता लंगडायला लागतो कारण सांध्यात रक्त साठलेलं असतं. खाल्ल्यापासून तासा-दोन तासांत दवाखान्यात पोचला असता तर डॉक्टरांनी इंजेक्शनने उलटी करवून बरंचसं बाहेर काढलं असतं, ती वेळ तर गेलीच, पण औषधाची वेळ गेलेली नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो याची टेस्ट असते, ती करायची आणि व्हिटॅमिन के-१ सुरू करायचं, साधारण तीन ते चार आठवडे, आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी परत टेस्ट. मध्येच बरा दिसतोय म्हणून बंद करू नका, हे विष शरीरात फार दिवस रेंगाळतं.

मेडिकलमध्ये मागताना के-१ च मागा. के-३ सुद्धा मिळतं, नाव जवळचं आहे म्हणून कोणी तेच देतं, ते या विषावर चालत नाही. आणि के-१ ची गोळी तुपाच्या घासातून द्या, चरबीसोबत ती नीट शोषली जाते. वर डोंबिवलीच्या ताईंना मी तुपाचा उपयोग नाही म्हटलं आणि इथे द्या म्हणतेय, यात गोंधळू नका, पोटात काय गेलंय त्यावर सगळं ठरतं.

कारण आता दुसरं ऐका. गावाकडे अजून काळसर राखाडी पूड पिठात कालवून ठेवतात, ती झिंक फॉस्फाइड. ही कुत्र्याने खाल्ली तर तूप, दूध, भाकरी काही म्हणजे काही देऊ नका. पोटातल्या आम्लाशी ती भेटली की फॉस्फिन गॅस तयार होतो, आणि खाणं पडलं की पोटात आम्ल आणखी सुटतं. याला तीन दिवस मिळत नाहीत, बऱ्याचदा काही तासांतच लक्षणं दिसतात, उलट्या, पोट फुगणं, झटके. त्याच्या तोंडाला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, तो वास मुद्दाम जवळ जाऊन घेऊ नका, तुम्हालाही त्या गॅसचा त्रास होतो. गाडीच्या सगळ्या काचा खाली करून न्या, आणि वाटेत उलटी झाली तर माणसांनी लांब उभं राहायचं.

वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि पाकिटाचा फोटो दाखवा, त्यावर औषधाचं नाव बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पाकीट फेकू नका, खोलीच्या दाराआडच खिळ्याला लटकवून ठेवा.

प्रश्न: आमच्या पपीने डासांच्या मशीनची लिक्विडची बाटली चावून फोडली. अर्धं फरशीवर, अर्धं तिच्या अंगावर, थोडं पोटात गेलं असेल. खोकतेय. दूध दिलं तर चालेल? घरात मांजर पण आहे.
– एक वाचक, मडगाव

उत्तर: दूध नको, उलटी तर अजिबात नको. त्या बाटलीत डासाचं औषध थोडंच असतं, बाकी बरंचसं वास काढलेलं केरोसीन. केरोसीन पातळ असल्यामुळे उलटीच्या वेळी पटकन श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. ती आधीच खोकतेय म्हणजे थोडं गेलेलंही असू शकतं, तेव्हा आजच दाखवा. निघायच्या आधी अंगावरचं भांडी घासायच्या लिक्विडने आणि कोमट पाण्याने धुवा, नाहीतर ती ते चाटत बसेल, आणि टॉवेलने कोरडी करा. पुढचे दोन-तीन दिवस ती झोपली असताना छाती किती वेळा वर होते ते मिनिटभर मोजा, तीसच्या वर सतत जात असेल तर परत दवाखान्यात. फरशी साबणाने दोनदा पुसा आणि तोवर मांजरीला दुसऱ्या खोलीत ठेवा, या जातीची औषधं मांजरींना कुत्र्यांपेक्षा फार जास्त बाधतात आणि मांजर पाय चाटते हे तुम्हाला माहितीच आहे.

प्रश्न: आजोबांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी कुत्र्याने चावली. किती खाल्ल्या कळत नाही. गोळ्या माणसांच्या आहेत, म्हणजे तशा निरुपद्रवीच ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर: नाही, आणि ही समजूत फार घरांत आहे. गुडघ्याच्या गोळीत डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यातलं काहीतरी असतं आणि पुष्कळदा सोबत पॅरासिटामॉल. पहिल्या गटाने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि किडनी बसते, पॅरासिटामॉलने यकृताला मार लागतो आणि डोस मोठा असेल तर रक्त ऑक्सिजन धरेनासं होतं, हिरड्या तपकिरी मातकट दिसायला लागतात. म्हणजे एका गोळीत दोन वेगवेगळी संकटं.

पट्टी टेबलावर सपाट करा आणि मोजा. फाटलेल्या कप्प्यात पूड आहे का, घराच्या कोपऱ्यात थुंकलेली गोळी आहे का बघा, आजोबांना विचारा आज सकाळची घेतली होती का. ती एक गोळी वजा केली की आकडा मिळतो आणि डॉक्टरांना तोच हवा असतो, गोळ्यांतलं एकूण औषध भागिले कुत्र्याचं वजन असा हिशोब करून ते ठरवतात. नक्की कळत नसेल तर जास्तीत जास्त जितक्या गेल्या असतील तो आकडा सांगा. इथे उलटीचा उपयोग होऊ शकतो, पण ती डॉक्टरांनी औषधाने करवलेली, आणि तासा-दोन तासांच्या आत, म्हणून 'बघू रात्री काय होतं' करू नका. पॅरासिटामॉलवर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, माणसांनाही हाच देतात, मोठ्या मेडिकलमध्ये मिळतो.

प्रश्न: आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, रात्री प्राण्यांचा डॉक्टर मिळत नाही. असं झालं तर करायचं काय, घरात काय औषध ठेवू?
– एक वाचक, आंबेजोगाई

उत्तर: औषध ठेवू नका, नंबर ठेवा. तुमच्या गावातल्या डॉक्टरांचा, जवळच्या मोठ्या शहरातल्या दोन दवाखान्यांचा, आणि यातला कोण रात्री फोन उचलतो हे आजच दिवसाउजेडी फोन करून विचारून घ्या. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा टोल फ्री नंबर मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी जवळ कोण आहे हे विचारायला लावून बघा. तुमच्या बाजूला परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, तशीच शिरवळला आणि नागपूरला, मुंबईला परळमध्ये तर १८८६ पासूनचं कॉलेज आणि त्याच आवारात प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल.

फोनवर लोक रडत रडत पाच मिनिटं कुत्र्याचा स्वभाव सांगतात, मला ते कळतं, जीव असतो त्यात. पण आधी हे सांगा: वजन किती, काय खाल्लं, किती, कधी, आणि आत्ता या मिनिटाला तो काय करतोय. हिरडीवर बोट दाबा आणि सोडा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी झाली का तेही सांगा. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. वायर चावली असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय कुत्र्याला हात लावायचा नाही, आणि नंतर तो अगदी नॉर्मल दिसला तरी त्याच दिवशी दाखवायचं, कारण शॉकनंतर फुप्फुसात पाणी काही तासांनी भरतं. उलटी होत असलेल्या कुत्र्याचं तोंड पट्टीने बांधू नका. बेशुद्ध असेल तर तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा टाकायचा नाही, कुशीवर झोपवून चादरीच्या झोळीतून न्यायचं.

घरात ठेवायचंच असेल तर बिनसुईची ५० मिलीची सिरिंज, ग्लोव्ह्ज, झिपची पिशवी आणि एक जुनी चादर.

प्रश्न: मी आठवीत आहे. आमच्या ब्राउनीने माझा कंपास, दादाचे इअरफोन आणि आईच्या गाऊनची बटणं खाल्ली. आई म्हणते आता तिला देऊन टाकू, ती मुद्दाम करते. ती खरंच मुद्दाम करते का? ती पाच महिन्यांची आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नाही रे बाळा, मुद्दाम नाही करत. तिचे दुधाचे दात पडतायत आणि मोठे दात येतायत, हिरड्या ठणकतात, आणि चावलं की बरं वाटतं. साधारण सहा-सात महिन्यांची झाली की मोठे दात सगळे आलेले असतात, मग हे बरंच कमी होतं. म्हणजे दोन महिन्यांचा प्रश्न आहे, हे आईला वाचून दाखव.

पण कंपासचं टोक किंवा इअरफोनमधला छोटा सेल पोटात गेला असेल तर ते मात्र आज डॉक्टरांना सांगायचं, उलट्या नसल्या तरी.

आणि एक काम तुझं. जुना सुती पंचा ओला कर, मध्ये घट्ट गाठ मार, पिळून फ्रीजरमध्ये तीन तास ठेव. कडक गार झाला की तिला दे आणि ती चावत असेल तोवर तिथेच बसून अभ्यास कर, धागे निघायला लागले की काढून घे. दोन पंचे कर, म्हणजे एक तिच्या तोंडात आणि एक फ्रीजरमध्ये. रिमोट, चार्जर, कंपास, आजीच्या गोळ्या, सगळं ती मागच्या पायांवर उभी राहिली तरी पोचणार नाही इतकं उंच ठेवायचं, आणि ती किती उंच पोचते ते दर रविवारी भिंतीवर पेन्सिलने खूण करून बघ, या वयात ती दर आठवड्याला वाढते.